सीएफपी झाले, गावी परतले. घरून काम मिळवायचं कसं?

अडाणकाठ · ९ जून, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यातल्या एका गावातून लिहितेय. बी.कॉम. यवतमाळला झालं, मग सात वर्षं पुण्यात म्युच्युअल फंड वितरणाच्या एका ऑफिसात ग्राहक सांभाळले. नोकरी करता करता सीएफपी, म्हणजे सर्टिफाइड फायनान्शियल प्लॅनर, केलं: गुंतवणूक, निवृत्ती आणि कर, जोखीम आणि वारसा, आणि शेवटचा टप्पा, ज्यात एका कुटुंबाची अख्खी केस सोडवावी लागते. अनुभवाची अट पूर्ण झाली, सर्टिफिकेट हातात आलं. त्यानंतर चार महिन्यांनी बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. आई एकटी, नऊ एकर कोरडवाहू, भाऊ नाही. मी परत आले.

परत आल्याचं मला दुःख नाही. बाबा आता काठी घेऊन ओसरीपर्यंत येतात. पण जे शिकायला एवढी वर्षं घातली ते सोडून द्यायचं नाही. गेले आठ महिने घरून करता येईल असं काम शोधतेय. साठेक अर्ज झाले. निम्म्यांचं उत्तरच नाही. बाकीच्यांना 'सीएफपी, वर्क फ्रॉम होम' म्हणजे फोनवर पॉलिसी विकणारं माणूस हवं असतं.

एका ठिकाणी चाचणी म्हणून तीन कुटुंबांचे प्लॅन करून मागितले. आठ रात्री जागून दिले, त्यानंतर फोन उचलला नाही. त्यातल्या एका फाइलवर पॅन नंबर अर्धवट पुसलेला होता. म्हणजे ते कुटुंब खरं होतं आणि माझ्या कामाचे पैसे कोणीतरी घेतले. ते आठवलं की अजून छातीत कळ येते.

माझे प्रश्न सरळ आहेत. सीएफपीला घरून करण्यासारखं खरं काम कोणतं? ते मागायचं कुणाकडे? आणि गावात राहतेय हे अर्जात लिहावं की लपवावं?

फीफक्त_नाशिक · ९ जून, रात्री ११:०५

अडाणकाठ ताई, चाचणीचं वाचून वाईट वाटलं. यापुढे एकच नमुना प्लॅन, तोही काल्पनिक कुटुंबाचा आणि तुम्ही स्वतः तयार केलेला. दुसऱ्याने दिलेल्या आकड्यांवर फुकट काम करायचं नाही.

आता मूळ गाठ. सीएफपी ही पात्रता आहे, परवाना नव्हे. फी घेऊन गुंतवणुकीचा सल्ला द्यायचा तर सेबीच्या २०१३ च्या गुंतवणूक सल्लागार नियमांखाली नोंदणी लागते आणि त्यासाठी एनआयएसएम या सेबीच्याच शिक्षणसंस्थेच्या दहा-अ आणि दहा-ब या परीक्षा. देशभरात असे नोंदणीकृत सल्लागार हजाराच्या आसपास आहेत. एवढ्या मोठ्या देशाला एवढेच. त्यामुळे नोकरीच्या पोर्टलवर 'सीएफपी हवा' अशी जी जाहिरात दिसते ती बहुतेक कमिशनवर चालणाऱ्या कंपनीची असते. सल्लागारांची ऑफिसं एकट्याची, फार तर चौघांची. ते जाहिरात काढत नाहीत. पण मार्च आला की त्यांची झोप उडते, कारण ग्राहकाशी बोलायला माणूस असतो आणि बोलणं झाल्यावर प्लॅन लिहायला कोणी नसतं. हे मी स्वतःबद्दलच सांगतोय.

त्या लिहिणाऱ्याला पॅराप्लॅनर म्हणतात. ग्राहकाचं एकत्रित खातेपत्रक घेऊन फंड वेगळे करणं, जुन्या पॉलिसींचा खरा परतावा काढणं, वर्षावार पैशाची आवक-जावक मांडणं, निवृत्तीचा आकडा काढून त्यामागची गृहीतकं लिहिणं. सल्ला सल्लागाराच्या सहीने जातो, त्यामुळे पडद्यामागच्या कामाला तुमची स्वतःची नोंदणी लागत नाही. ग्राहकाला थेट सल्ला देऊ लागलात तर मात्र त्या सल्लागाराच्या हाताखाली काम करतानाही या दोन परीक्षा लागतात.

सेबीच्या वेबसाइटवर नोंदणीकृत सल्लागारांची यादी सगळ्यांना खुली आहे, ईमेलसकट. ती उघडा आणि महाराष्ट्रातले वेगळे काढा. एकेकाची वेबसाइट वाचा, तो कुणासाठी काम करतो ते समजून घ्या आणि मग पत्र लिहा. पोर्टलवरच्या साठ अर्जांपेक्षा अशी वीस पत्रं भारी पडतील.

मेळघाट_पायथा · १० जून, सकाळी ११:३०

मी परतवाड्याहून ऑस्ट्रेलियातल्या सल्लागारांसाठी पॅराप्लॅनिंग करतो, चौथं वर्ष आहे. नेमणूक भारतातल्या एका आउटसोर्सिंग कंपनीतून. फीफक्त भाऊंनी भारताचं सांगितलं, मी बाहेरचं सांगतो.

तिथे सल्लागाराला साधारणपणे प्रत्येक नव्या वैयक्तिक सल्ल्यासाठी 'स्टेटमेंट ऑफ अॅडव्हाइस' नावाचा लेखी दस्तऐवज द्यावा लागतो. चाळीस-पन्नास पानं सहज होतात. तो सल्ला ग्राहकाच्या हिताचा का, दुसरा कोणता पर्याय तपासला, तो का सोडला, हे सगळं कागदावर लागतं. तेच आमचं काम. एक्सप्लॅन नावाच्या सॉफ्टवेअरवर चालतं. त्यांचं सुपरॲन्युएशन म्हणजे आपल्या पीएफसारखं. मालक पगाराच्या १२ टक्के भरतो, जुलै २०२५ पासून हा दर झाला. वर्ष जुलै ते जून असतं, म्हणून आत्ता जूनमध्ये आमची पेरणी आणि त्यांचं वर्षअखेर एकाच वेळी येतं. वडील शेतात आणि मी खुर्चीत, घरात बोलणी बसतात.

वेळ आधीच सांगून ठेवतो. सिडनीत सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेचार, आणि ऑक्टोबरपासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत साडेतीन. दुपारी बारा-एकला मोकळं होतो. ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे त्यांना ही वेळ सोयीची पडते. संध्याकाळ पूर्ण आपली असते.

मुलाखतीत सीएफपीबद्दल दोनच मिनिटं विचारलं. बाकी पाऊण तास माझ्याकडून एक पान इंग्रजीत लिहून घेतलं: साठ वर्षांच्या बाईला तिचे पैसे एका फंडातून दुसऱ्यात का हलवायचे ते समजावून सांगा. हिशोब सगळ्यांना येतो. सरळ, चुकीचा अर्थ निघणार नाही असं वाक्य लिहिणारे कमी. ताई, रोज एक पान लिहा.

रात्रपाळी_वरूड · १० जून, दुपारी ४:१५

अमेरिकेचं थोडक्यात. आपलं सीएफपी तिथे चिन्ह म्हणून वापरता येत नाही, अमेरिकेत ते चिन्ह वेगळ्या मंडळाकडे आहे. काम मागच्या बाजूचंच मिळतं: ईमनी किंवा राइटकॅपिटल या सॉफ्टवेअरमध्ये ग्राहकाची माहिती भरणं, भेटीआधीचे रिपोर्ट. न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ आपल्याकडे संध्याकाळी साडेसहा-साडेसात, म्हणजे पहाटेपर्यंत जागरण. दोन वर्षं केलं, ॲसिडिटी आणि चिडचिड घेऊन बाहेर पडलो. ब्रिटनचं काम मिळालं तर वेळ सगळ्यात माणसासारखी, दुपारी दीड-अडीचपासून. कराची आवड असेल तर अमेरिकेची एन्रोल्ड एजंट परीक्षा भारतात बसून देता येते, तीन पेपर आहेत. त्याला मागणी चांगली आहे. बाबा आजारी असताना रात्रपाळी घेऊ नका, एवढीच विनंती.

वऱ्हाडी_मास्तर · १० जून, रात्री ८:५०

ताई, मी चिखली तालुक्यात जि.प. शाळेवर आहो. मले शेअर बाजारातलं काही समजत नाही, तरी सगळा धागा वाचला. एक गोष्ट मनाला लागली म्हणून लिहून राहिलो.

तुम्ही सिडनीच्या बाईचा प्लॅन करान, न्यूयॉर्कच्या माणसाचा करान. आमचा कोण करन? आमच्या शाळेत सात मास्तर. सातही जणायच्या पगारातून तीन-तीन, चार-चार पॉलिश्या कापल्या जातात. मी २००९ ला लागलो, म्हणजे जुनी पेन्शन नाही, एनपीएस. त्यात किती जमलं ते मी आजवर उघडून पाह्यलं नाही. सासऱ्यानं जमीन विकून आलेले नऊ लाख पतसंस्थेत ठेवले, ती पतसंस्था दोन वर्षांपासून बंद हाय. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असते आणि पतसंस्थेतल्या ठेवीला नसते, हे आमाले पैसे अडकल्यावर समजलं. सांगणारं कोणी असतं तर म्हातारा आज असा भिंतीकडं पाहात बसला नसता.

तुमाले रागावून नाही म्हणत ताई. लेकीसारख्या हा. पोट तर भराच लागते.

एजंट_कारंजा · १० जून, रात्री १०:२०

मी विम्याची एजन्सी अठरा वर्षं करतो आणि म्युच्युअल फंड वितरणाचा नोंदणी क्रमांक, म्हणजे एआरएनही आहे. मास्तरांचं दुःख खरं आहे, पण त्याचं उत्तर फी नाही. आमच्या भागात कागदावरच्या सल्ल्याला कोणी पाच हजार देत नाही. माणूस म्हणतो, नुसतं सांगायचे पैसे? मी ज्या घरात पॉलिसी दिली त्या घरात माणूस गेला तेव्हा तेराव्याच्या आत क्लेमचे कागद मी स्वतः भरले, तालुक्याला चकरा मारल्या. तो खर्च कमिशनमधून निघतो. ताई, तुम्हीही एआरएन घ्या, पाच-अ परीक्षा तुम्हाला सोपी जाईल. ट्रेल कमिशन, म्हणजे ग्राहकाचे पैसे फंडात असेपर्यंत मिळत राहणारं, हळूहळू साठतं, गावात राहून होतं आणि कुणाच्या नोकरीत राहावं लागत नाही.

अडाणकाठ · ११ जून, सकाळी ६:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री दोनदा वाचलं.

एजंट दादा, क्लेमच्या वेळी तुम्ही जे करता ते मी पुण्याच्या एकाही ऑफिसात पाहिलं नाही. त्याबद्दल आदरच आहे. पण मी कमिशनच्या बाजूला सात वर्षं काढली. ग्राहकाला ज्याची गरज आहे आणि ऑफिसला ज्याचं टार्गेट आहे त्या दोन गोष्टी महिन्याच्या २५ तारखेनंतर एकत्र नांदत नाहीत, हे मी रोज पाहिलं. परवाच आमच्या शेजारच्या काकांची पॉलिसी मांडून पाहिली. वर्षाला ५० हजार, वीस वर्षं, शेवटी साधारण १८ लाख. परतावा साडेपाच टक्क्यांच्याही आत. काका म्हणाले, "पण बाई, १० लाख भरून १८ मिळतात ना?" त्यांना मी काय सांगू? त्यांच्याशी खरं बोलणारं कोणी तेव्हा समोर बसलं नव्हतं एवढंच. एकाच ग्राहकाला फी घेऊन सल्ला आणि कमिशन घेऊन विक्री, असं दोन्ही सेबी करू देत नाही. मला सल्ल्याची बाजू हवी आहे.

मास्तर काका, तुमच्या पोस्टवर उत्तर सुचलं नाही. एक करा, एनपीएसचं खातं आजच उघडून बघा. प्रान, म्हणजे त्या खात्याचा नंबर, तुमच्या पगारपत्रकावर असेल.

धानाचा_गोंदिया · ११ जून, दुपारी १:००

मी सॉफ्टवेअरवाला, तुमच्या विषयातलं कळत नाही, पण सडक अर्जुनीजवळच्या गावातून पाच वर्षं घरून काम करतोय म्हणून सामानाचं सांगतो. लोक नेटची काळजी करतात, खरा घात विजेचा होतो. ती जायची वेळ ठरलेली असेल तर सोय लावता येते. जूनच्या वादळात फीडर पडला की किती तास जाणार हे लाइनमनलाही सांगता येत नाही.

फायबर घ्या, पण सोबत दुसऱ्या कंपनीचं सिमही ठेवा. गावातला कोणता टॉवर वीज गेल्यावर किती वेळ टिकतो हे शेजाऱ्यांना विचारून घ्या. आमच्याकडे एक चाळीस मिनिटांत झोपतो, दुसरा रात्रभर चालतो. राउटरसाठी वेगळा छोटा डीसी यूपीएस मिळतो, तो घ्याच. इन्व्हर्टरवर आख्ख्या घराचे पंखे टाकू नका, एक खोली वेगळी काढा. आणि आभाळ गडगडायला लागलं की फायबरच्या डब्याची पिन काढा. माझे दोन डबे जळाले.

गावात राहतो हे मी मुलाखतीत स्वतःहून सांगतो आणि लगेच ही सगळी व्यवस्था सांगतो. लपवलं आणि तिसऱ्या दिवशी कॉल तुटला तर विश्वास जातो.

मेळघाट_पायथा · ११ जून, दुपारी १:४०

धानाचा_गोंदिया +१. आणि कामाच्या लॅपटॉपवर घरच्या कुणालाही बसू देऊ नका, भाच्याला गेम खेळायलाही नाही. ग्राहकाचा पॅन, बँक खातं, आजार, सगळं त्यात असतं.

कोणी 'रजिस्ट्रेशन फी' किंवा 'लॅपटॉपची अनामत' मागितली तर तिथेच थांबा. माझ्या चुलत भावाचे १८ हजार असेच गेले. गेलेच तर ताबडतोब १९३० वर फोन करा, तासाभरात केला तर पैसे अडवता येण्याची आशा असते.

अडाणकाठ · ६ जुलै, रात्री १०:१०

धागा वर काढतेय. पेरणी झाली, दुबार टळली. या दिवसांत नमुना प्लॅन लिहिला. आधी पुण्यातलं आयटीचं जोडपं घेतलं होतं, कारण सीएफपीच्या केसमध्ये तेच असतं. चार पानं झाली आणि माझाच रस गेला. ती फाइल बाजूला ठेवली आणि आमच्याकडचं घर घेतलं. घर काल्पनिक आहे, पण माणसं ओळखीची.

बायको जि.प. शिक्षिका, २०११ ला लागलेली. नवरा सहा एकरांत कपाशी-सोयाबीन. दोन मुलं. सासू-सासरे सोबत. शेत अजून सासऱ्यांच्या नावावर.

पुस्तकी पद्धतीने मांडायला गेले तर पहिल्याच पानावर अडले. पगार दर महिन्याला येतो, पण जूनमध्ये बियाणं-खतात जातो. सोयाबीनचा पैसा ऑक्टोबरात, कापसाचा डिसेंबर-जानेवारीत, तुरीचा फेब्रुवारीत. दर महिन्याची एसआयपी या घराला झेपत नाही. ती जूनमध्ये बंद पडते आणि परत कधी सुरू होत नाही. म्हणून मी वर्षाचे बारा महिने ओळीने मांडले आणि गुंतवणूक पीक विकल्यावर एकदम लिक्विड फंडात (पैसे लवकर काढता येतात असा कमी चढउताराचा फंड), तिथून दर महिन्याला थोडी थोडी पुढे सरकवायची, असं धरलं.

आणीबाणीची रक्कम सहा महिन्यांच्या खर्चाएवढी, असं आपण सगळे शिकलो. कोरडवाहू घराला ती पुरत नाही, कारण पीक गेलं तर वर्ष जातं. मी एका वर्षाचा घरखर्च अधिक एका हंगामाचा लागवडखर्च धरला. पीककर्ज वेळेत फेडलं तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत तीन लाखांपर्यंत व्याज शून्यावर येतं, म्हणून सोन्यावरचं कर्ज आधी फेडायचं आणि पीककर्ज मुदतीच्या आत पण शेवटी. एक रुपयाचा पीकविमा २०२५ च्या खरिपापासून बंद झाला, आता कपाशीला विमा रकमेच्या पाच टक्क्यांपर्यंत आणि सोयाबीनला दोन टक्के स्वतः भरावे लागतात. तोही खर्चात घेतला.

नवऱ्याचा मुदत विमा विवाहित महिला संपत्ती कायद्याखाली घ्यायचा, म्हणजे उद्या तो गेला तर देणेकऱ्याचा हात त्या रकमेला लागत नाही, ती बायको-मुलांचीच. कायदा १८७४ चा आहे आणि आमच्या पंचक्रोशीत मला तो माहीत असलेला एकही माणूस भेटला नाही. शेतीच्या उत्पन्नावर मोठा विमा मिळणं अवघड, कंपनी आयकर विवरणपत्र मागते. म्हणून तोपर्यंत बँकेतून ४३६ रुपयांचा जीवनज्योती आणि २० रुपयांचा सुरक्षा विमा, दोन-दोन लाखांचे.

शेवटचं पान सातबाऱ्यावर. सासऱ्यांच्या हयातीत काय लिहून ठेवायचं, नंतर वारस नोंद कुठे, फेरफार कसा. आणि नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे ठळक अक्षरांत.

एकूण १९ पानं. फीफक्त भाऊ, वेळ असेल तर बघाल का?

फीफक्त_नाशिक · ८ जुलै, रात्री ९:३०

फाइल वाचली. ताई, मी बारा वर्षं प्लॅन लिहितो आणि आणीबाणीच्या रकमेचं तुमचं पान मला नव्हतं सुचलं.

दुरुस्त्या सांगतो. आज ३० हजारांचा महिना ६ टक्के महागाईने वीस वर्षांनी ९६ हजारांवर जातो, हे तुम्ही बरोबर काढलंय, पण खेड्यातलं शिक्षण आणि दवाखाना वेगळ्या दराने वाढतो, तो वेगळा धरा. शेतीच्या भावाला तुम्ही दरवर्षी वाढ धरलीय. तसं करू नका. भाव स्थिर धरा, मधलं एक वर्ष पूर्ण बुडीत धरा आणि तरी प्लॅन उभा राहतो का बघा. एनपीएसमधून निवृत्तीला येणाऱ्या वार्षिकीवर, म्हणजे पेन्शनवर, कर लागतो, ते सुटलंय. पान ७ वर 'खात्रीने' शब्द आहे, तो काढा. आपल्या धंद्यात तो शब्दच नाही.

आता महत्त्वाचं. तुम्ही विचारलं होतं गाव लपवावं का. माझ्या ग्राहकांपैकी कितीतरी जण नाशिक-पुण्यात किंवा परदेशात आहेत आणि त्यांचे आईवडील गावी. त्यांच्या प्लॅनमध्ये 'वडिलोपार्जित शेती' ही एक ओळ लिहून मी पुढे जातो, कारण सातबारा वाचून त्यातलं सामायिक क्षेत्र, बोजा, इतर हक्क मला नीट कळत नाहीत. वडिलांच्या पतसंस्थेतल्या पावत्या, सोसायटीचं कर्ज, भावकीतली वाटणी, हे सगळं त्या एका ओळीत बुडतं. तुम्हाला ते वाचता येतं. पत्रात पहिल्या वाक्यातच लिहा: मी यवतमाळ जिल्ह्यात राहते आणि तुमच्या ग्राहकाच्या गावाकडच्या मालमत्तेचं पान मी लिहू शकते.

वऱ्हाडी_मास्तर · ८ जुलै, रात्री १०:००

ताई, ते एकोणीस पानं मीबी वाचले. बायकोले वाचून दाखवले. ती म्हणे, हे तर आपलंच घर हाय, यायनं कुठून पाह्यलं?

एनपीएस उघडून पाह्यलं. वाटलं होतं त्याच्यापेक्षा जास्त निघाले. दोन महिन्यांचा हप्ता जमा नाही दिसून राहिला, पंचायत समितीत अर्ज देला.

अडाणकाठ · २३ ऑगस्ट, संध्याकाळी ७:२०

काम मिळालं.

फीफक्त भाऊंच्या सांगण्याप्रमाणे बावीस पत्रं लिहिली, प्रत्येक वेगळं. सहा उत्तरं आली, तीन मुलाखती झाल्या. नागपूरच्या एका नोंदणीकृत सल्लागार बाईंकडे पॅराप्लॅनर म्हणून लागले. मुलाखत चालू असतानाच वीज गेली. मी म्हटलं, "मॅडम, वीज गेलीय, पण मी कुठे जात नाही", आणि बोलत राहिले. डीसी यूपीएस चालला. धानाचा_गोंदिया दादा, हे तुमच्यामुळे.

पैसे पहिले तीन महिने प्रति प्लॅन, नंतर ठरावीक मानधन. पुण्याच्या पगाराच्या निम्म्याहून थोडे जास्त पडतात. इथे भाडं नाही, बाबांच्या फिजिओथेरपीला मी घरी असते. मला पुरतं. करारात मी दोन गोष्टी घालून घेतल्या: दुरुस्तीच्या फेऱ्या किती ते ठरलेलं, आणि ग्राहकाची कागदपत्रं त्यांच्याच सर्व्हरवर, माझ्याकडे प्रत नाही.

एक अडचण मात्र कुणी सांगितली नव्हती. आमचं घर उघडं. चुलत्या, शेजारणी, बाबांना बघायला येणारे सरळ आत येतात. पहिल्याच आठवड्यात स्क्रीनवर एकाची सगळी मालमत्ता उघडी होती आणि मागे काकू उभ्या. त्यांना काही कळलं नसेल, पण त्या माणसाने ते मला विश्वासाने दाखवलं होतं. दुसऱ्या दिवशी कापूस ठेवायची खोली रिकामी केली, आतून कडी लावली. आईने दारावर खडूने लिहिलं, "१० ते २ काम चालू". आता सगळे ओसरीवरच बसतात.

एजंट_कारंजा · २३ ऑगस्ट, रात्री ८:००

अभिनंदन ताई. तुमच्या त्या साडेपाच टक्क्यांवर मी पुष्कळ विचार केला. मागच्या महिन्यात तीन घरांत मुदत विमा आधी समजावून सांगितला. दोघांनी घेतला. कमिशन कमी मिळालं, पण रात्री झोप चांगली लागली.

वऱ्हाडी_मास्तर · १९ ऑक्टोबर, सकाळी ९:१५

ताई, सोयाबीन निघालं. पावसानं डागी झालं, व्यापारी हमीभावाच्या लय खाली मागून राहिला. तरी आमच्या शाळेतल्या तिघायनं ठरवलं का तुमच्याकडून प्लॅन करून घ्यावा. फुकट नको. फी सांगा. अर्धे आता, अर्धे कापूस विकल्यावर चालते काय?

अडाणकाठ · १९ ऑक्टोबर, दुपारी ३:४५

मास्तर काका, तुमचा मेसेज आईला वाचून दाखवला.

पण आज मी तुमच्याकडून एक रुपयाही घेऊ शकत नाही. माझी स्वतःची नोंदणी नाही, आणि नोंदणीशिवाय फी घेऊन सल्ला दिला तर उद्या तुमची फसवणूक झाली तरी तुम्हाला दाद मागणं अवघड जाईल. मी मॅडमशी बोलले. दहा-अ आणि दहा-ब दोन्ही पास झाले की मी त्यांच्या नोंदणीखाली थेट ग्राहकांशी बोलू शकते. तेव्हा करार मॅडमच्या नावाने होईल, पावती त्यांची मिळेल आणि फी दोन हप्त्यांत चालेल असं त्या म्हणाल्या. दहा-अचा पेपर १५० गुणांचा, ६० टक्के लागतात, चुकीच्या उत्तराला गुण कापतात. नागपूरला १४ नोव्हेंबरची तारीख घेतलीय.

तोपर्यंत तिघांनीही हे जमवून ठेवा: सगळ्या पॉलिसींचे मूळ कागद, एनपीएसचं विवरण, शेवटच्या तीन महिन्यांची पगारपत्रकं, सातबारा आणि आठ-अ, सोसायटीचं कर्ज खातं, आणि सासऱ्यांच्या पतसंस्थेच्या पावत्या. त्या पावत्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. मागे तुम्ही फोटो टाकला होता त्यात शाई उडायला लागलेली दिसली, आधी झेरॉक्स काढा. आणि नवीन पॉलिसीसाठी कोणी आलं तर डिसेंबरपर्यंत सही करू नका.

वऱ्हाडी_मास्तर · १९ ऑक्टोबर, दुपारी ४:३०

हाओ ताई. झेरॉक्स आजच काढतो. १४ तारखेले पेपर किती वाजता हाय ते सांगा, माझा साळा गणेशपेठ बसस्टँडजवळ राह्यते, डबा घेऊन येईन.